मॉड लुईस आणि तिचे रंगीत घर

चित्रकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक दृश्य उभे राहते. उत्तरेकडे खिडकी असलेला प्रशस्त स्टुडिओ, इझलवर ताणलेला कॅनव्हास, हातात पॅलेट, आणि समोर ऐटीत बसलेले एखादे धनवान गिऱ्हाईक. पाळीव प्राण्यांची चित्रे काढणाऱ्यांची कथाही काही वेगळी नाही. इंग्लंडच्या एडविन लँडसीअरने १८३६ साली राजकन्या व्हिक्टोरियाच्या 'डॅश' या लाडक्या कुत्र्याचे चित्र काढले आणि ती राणी झाल्यावर राजवाड्यातील कुत्री नि पोपट रंगविणे हा त्याच्या कामाचाच एक भाग होऊन बसला. कुत्रा राणीचा, म्हणून चित्राला मान. मालकाची प्रतिष्ठा प्राण्याला आणि प्राण्याची चित्रकाराला, असा तो हिशेब होता.

ज्या चित्रकर्तीविषयी मला लिहायचे आहे तिच्या चित्रांतील मांजरांना असा कोणी मालक नव्हता. तिला स्टुडिओ नव्हता, कॅनव्हास नव्हता, कलाशिक्षण तर नव्हतेच. होते ते फक्त एका खोलीचे, वीज नसलेले, नळ नसलेले लाकडी घर. तेही नवऱ्याच्या नावाचे! ते घर तिने आतून-बाहेरून रंगवून काढले. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताची मॉड लुईस ती हीच.

तिच्याविषयी जेवढे म्हणून वाचावे तेवढी मनात एक शंका बळावत जाते. 'अपंग, गरीब, पण सदा आनंदी' असे तिचे एक गोजिरवाणे रूप लोकांनी तयार करून ठेवले आहे. ते पाहून आपल्याला बरे वाटते आणि तिच्या गरिबीची टोचणीही लागत नाही. मला हे रूप पटत नाही. चित्रांतला आनंद खरा आहे यात संशय नाही. पण तो आयता मिळालेला नव्हता.

मॉडचा जन्म ७ मार्च १९०१ रोजी यार्मथ शहराजवळील साउथ ओहायो या खेड्यात झाला. वडील जॉन डाउली लोहारकाम करीत आणि घोड्यांचे साज बनवीत. मोटारी सर्रास होण्यापूर्वीचा तो काळ. या धंद्याला बरकत होती आणि घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. मॉड मात्र जन्मतःच काही शारीरिक वैगुण्ये घेऊन आली होती. लहानपणीच संधिवाताने तिला गाठले. खांदे उतरते, मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकलेली, अंगकाठी अगदी लहान, आणि बोटे हळूहळू वाकत, आखडत चाललेली. शाळेत मुले चिडवीत. चौदाव्या वर्षी तिने शाळा सोडली तेव्हा ती खालच्याच इयत्तेत होती. चौदाव्या वर्षी शाळा सुटणे त्या काळच्या खेड्यात नवलाचे नव्हते. पण ज्या मुलीला बाहेर खेळणे जमत नाही आणि शाळेत बसणे सोसत नाही, तिचे जग केवढेसे उरत असेल?

ते जग आईने थोडे वाढविले. अ‍ॅग्नेस डाउली यांना चित्रकलेची आवड होती. नाताळच्या सुमारास मायलेकी मिळून शुभेच्छापत्रे रंगवीत आणि दारोदार जाऊन विकीत. मॉडचे सारे कलाशिक्षण काय ते एवढेच. आर्ट स्कूलमध्ये आपल्याला यथादर्शन शिकवितात, छायाप्रकाश शिकवितात, शरीररचनाशास्त्र शिकवितात. मॉडला तिच्या आईने हातात ब्रश कसा धरायचा आणि पोस्टकार्डाएवढ्या जागेत नाताळ कसा बसवायचा हे शिकविले. बोटे फार आखडली नव्हती तोवर ती पियानोही वाजवीत असे. पुढे पियानो सुटला. ब्रश सुटला नाही.

त्यानंतरचा भाग चरित्रकार फार काळ आडपडद्याने सांगत आले. १९२८ साली, लग्न झालेले नसताना, मॉडला मुलगी झाली. ज्याच्यापासून झाली तो निघून गेला. मुलगी दुसऱ्यांच्या घरी वाढली. पुढे मोठी झाल्यावर तिने आईशी नाते जोडण्याचा प्रयत्न केला, तो सफल झाला नाही. या एवढ्या गोष्टीवर आपल्याकडचा एखादा कादंबरीकार तीनशे पाने लिहील. मी एवढेच म्हणेन की मॉडच्या चित्रांत पिल्लांना जवळ घेऊन बसलेली मांजर पुन्हा पुन्हा येते. त्याचा अर्थ लावण्याचा मोह मला होतो आणि मी तो आवरतो. कारण पिल्लांसह मांजर गिऱ्हाइकांनाही फार आवडत असे, हेही तितकेच खरे आहे.

१९३५ साली वडील गेले, १९३७ साली आई गेली. घर मोडले. काही दिवस भावाकडे काढून मॉड डिग्बी गावी मावशीकडे राहायला आली. डिग्बी हे फंडीच्या उपसागरालगतचे मासेमारीचे बंदर. जगातील सर्वांत मोठी भरती-ओहोटी या उपसागरात येते, आणि डिग्बीचे शिंपले दूरवर प्रसिद्ध आहेत. वय छत्तीस, शरीर असे, मिळकत काही नाही, आणि छप्पर दुसऱ्याचे. अशी ती तिथे आली.

त्याच सुमारास जवळच्या मार्शलटाउन वस्तीतील एव्हरेट लुईस या मासळी विकणाऱ्या माणसाने गावातील दुकानांतून जाहिरात लावली होती. घर सांभाळायला बाई पाहिजे, अशी. एव्हरेट पंचेचाळिशीच्या घरातला, एकटा. त्याच्या घराशेजारीच 'पुअर फार्म' होते. म्हणजे ज्यांना कुणी नाही अशा निराधारांना ठेवण्याची सरकारी जागा. एव्हरेटच्या बालपणाचा काही काळ तिथेच गेला होता. मॉड त्याच्याकडे चालत गेली. काही आठवड्यांनी, १६ जानेवारी १९३८ रोजी, दोघांचे लग्न झाले.

आता गंमत पाहा. घर सांभाळायला बाई हवी होती आणि आली मॉड, जिच्या हातांनी धड बादली उचलवत नव्हती. तेव्हा घरकाम एव्हरेटच करू लागला. स्वयंपाक त्याचा, लाकडे त्याची, पाणी त्याने आणायचे. आणि बायकोने चित्रे काढायची! १९३८ सालच्या त्या मुलखात असे घर दुसरे कुठे असेल असे वाटत नाही. तैलरंगांची तिची पहिली पेटीही त्यानेच आणून दिली. तो जुन्या फोर्ड मोटारीतून दारोदार मासे विकायला निघाला की मॉड शेजारी बसे, आणि ज्या दारात मासे विकले जात त्याच दारात तिची शुभेच्छापत्रेही विकली जात. एका कार्डाला पंचवीस सेंट. मासळीची गिऱ्हाइके हीच तिची पहिली रसिक मंडळी.

घर केवढे? साधारण साडेतेरा फूट लांब आणि साडेबारा फूट रुंद. आपल्या महाविद्यालयाच्या सभागृहातील व्यासपीठसुद्धा याहून मोठे आहे. खाली एक खोली, वर झोपण्यापुरता माळा. प्रकाश रॉकेलच्या दिव्याचा, ऊब लाकडे जाळणाऱ्या लोखंडी शेगडीची. आणि बाहेर नोव्हा स्कोशियाचा बर्फाचा हिवाळा. या घरात मॉडने बत्तीस वर्षे काढली.

आणि या बत्तीस वर्षांत तिने काय काय रंगविले! दर्शनी दारावर फुले, पक्षी आणि फुलपाखरे. खिडकीच्या काचांवर ट्यूलिपची फुले. बाहेर सहा महिने काही उमलत नसताना आतून पाहावे तर खिडकीत बाग! माळ्यावर जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्यांवर फुले. भिंतींवर, पावाच्या डब्यावर, पत्र्याच्या ट्रेवर, कचरा भरायच्या सुपलीवर, एवढेच नव्हे तर शेगडीवरसुद्धा फुले. हात पोहोचेल ते काहीच तिने सोडले नाही. हे करताना तिच्यापुढे प्रदर्शन नव्हते, गिऱ्हाईक नव्हते. सुपली कोण विकत घेणार? घराची मालकी कागदोपत्री कुणाचीही असो, त्या घराचा इंच न् इंच तिने रंगाने आपला करून टाकला. आयुष्यभर आईबापांच्या, भावाच्या, मावशीच्या छपराखाली राहिलेल्या बाईला हे करावेसे वाटले, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

दुसऱ्याचे घर सजविण्याचेही एक मोठे काम तिला मिळाले होते. १९४०च्या सुमारास त्या किनाऱ्यावर उन्हाळी बंगला असलेल्या एका अमेरिकन कुटुंबाने तिच्याकडून बंगल्याच्या खिडक्यांच्या बावीस झडपा रंगवून घेतल्या. एकेक झडप सुमारे पाच फूट उंच आणि दीड फूट रुंद. जिचा हात खांद्याच्या वर नीट जात नसे तिने पाच-पाच फुटी फळ्या रंगवायच्या! मोबदला झडपेमागे सत्तर सेंट. बावीस झडपांचे मिळून पंधरा डॉलर चाळीस सेंट झाले. हा आकडा मी मुद्दाम गुणून काढला.

तिची चित्रे काढण्याची रीत साधी होती. कॅनव्हास परवडत नसे. तेव्हा दाबलेल्या लगद्याचे स्वस्त बोर्ड, पुठ्ठा, मिळेल ते. रंगही पुष्कळदा होड्यांना आणि घरांना लावून उरलेले. बोर्डाला आधी पांढरा हात द्यायचा, त्यावर बाह्यरेषा काढायच्या, मग ट्यूबमधला किंवा डब्यातला रंग जसाच्या तसा भरायचा. दोन रंग एकमेकांत मिसळणे नाही. चित्रांचा आकारही लहान, बहुतेक वेळा वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा. कारण हात जेवढा फिरेल तेवढेच चित्र. छाया जवळजवळ नाहीच. आपल्या शिक्षकांनी अशा कामाला किती गुण दिले असते, हा प्रश्न मी विचारून ठेवतो.

पण पुठ्ठ्यावरची ती बैलजोडी पाहा. फुलाफुलांच्या रंगीत जुवाखाली, गळ्यात घंटा बांधून, लांबलांब पापण्या असलेले दोन बैल समोर पाहत उभे आहेत. घोड्यांचे साज बनविणाऱ्या बापाच्या लेकीलाच जुवाची नक्षी इतक्या मायेने काढता येईल असे मला वाटते. बर्फातली घसरगाडी पाहा; जमीन पांढरीशुभ्र आणि झाडांना मात्र शरद ऋतूची लाल-पिवळी पाने. निसर्गात असे होत नाही हे तिला कळत नव्हते असे समजणे हा तिचा अपमान आहे. तिने सारा जन्म यार्मथ आणि डिग्बी या दोन परगण्यांतच काढला. तिथला हिवाळा तिच्याइतका कुणाला ठाऊक? तिला दोन्ही ऋतू एकाच वेळी हवे होते, म्हणून तिने ते घेतले.

आणि मांजरे. पांढरे मांजर, काळी मांजरे तिघे ओळीने, पिल्लांसह मांजर. भोवती ट्यूलिप किंवा फुललेली फांदी. ही मांजरे झोपत नाहीत, उंदीर पकडत नाहीत, लोकरीच्या गुंड्याशी खेळत नाहीत. वाटोळे डोळे उघडून ती सरळ तुमच्याकडे पाहतात. लँडसीअरच्या कुत्र्यांना माणसांचे भाव आहेत. ते स्वामिनिष्ठ असतात, विरही असतात, खानदानी असतात. मॉडच्या मांजरांना कुणाचीच निष्ठा नाही. फुलांइतकाच त्या जागेवर आपला हक्क आहे अशा थाटात ती बसलेली असतात. एकच रचना तिने कितीतरी वेळा काढली, कारण गिऱ्हाईक तेच मागे. टीकाकार याला पुनरुक्ती म्हणतात. म्हणोत. पोटासाठी एकच चित्र पुन्हा काढणाऱ्या हाताने प्रत्येक वेळी डोळे एवढे ताजे काढावेत, ही गोष्ट मला त्या टीकेपेक्षा अधिक विचार करण्यासारखी वाटते.

पुढे मासळीची फेरी बंद झाली. १९३९पासून एव्हरेट त्याच 'पुअर फार्म'वर रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम करू लागला. घर हमरस्त्यालगत होते. मॉडने रस्त्याकडेला पाटी लावली आणि उन्हाळ्यात येणारे प्रवासी गाडी थांबवून चित्रे घेऊ लागले. १९४५ ते १९५० च्या दरम्यान एका चित्राला दोन-तीन डॉलर मिळत. आयुष्याच्या अगदी शेवटच्या तीन-चार वर्षांत ही किंमत सात ते दहा डॉलरपर्यंत चढली. तेवढीच.

१९६४ साली टोरोंटोच्या 'स्टार वीकली' या साप्ताहिकाने तिच्यावर लेख छापला आणि १९६५ साली कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीवर 'टेलिस्कोप' या कार्यक्रमात ती देशाला दिसली. मागण्यांचा पूर आला. निक्सन अध्यक्ष असताना खुद्द व्हाइट हाउसने तिची दोन चित्रे मागविली. पण कीर्ती आली तेव्हा हात जवळजवळ गेले होते. आलेल्या अनेक मागण्या संधिवातामुळे पुऱ्या करता आल्या नाहीत. शेवटच्या वर्षातही दवाखान्याच्या फेऱ्यांमधून घरी आली की ती खिडकीजवळच्या आपल्या कोपऱ्यात बसून जमेल तेवढे रंगवी. ३० जुलै १९७० रोजी डिग्बीच्या रुग्णालयात न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला.

एव्हरेटविषयी एक शब्द लिहिलाच पाहिजे. तो कंजूष होता, पैसे बरण्यांत भरून पुरून ठेवी, असे सांगतात. त्याची वागणूक कठोर होती असे तिचे चरित्र अभ्यासणारे लान्स वूलेव्हर यांनीही लिहिले आहे. वीज घेण्याजोगे पैसे आल्यावरही त्या घरात वीज आली नाही, ही गोष्ट मला त्याच्या स्वभावाविषयी पुरेशी बोलकी वाटते. पण त्यानेच रंग आणले, त्यानेच भाकरी भाजली, हेही पुसून टाकता येत नाही. २०१६ साली आलेल्या 'मॉडी' या चित्रपटात हे दोघेही भेटतात. सॅली हॉकिन्सने मॉडचे काम विलक्षण केले आहे. तरी चित्रपटाला अखेर प्रेमकथा हवी असते. मॉडला काय हवे होते हे विचारायला आता उशीर झाला. ती गेल्यावर एव्हरेट स्वतःही तिच्याच धर्तीवर चित्रे काढून विकू लागला. १९७९ साली चोरीसाठी घरात शिरलेल्या माणसाच्या हातून तो मारला गेला.

घर ओस पडले. पाऊस, बर्फ आणि खारा वारा यांनी फुले सोलून निघू लागली. तेव्हा डिग्बी परिसरातील लोकांनी एकत्र येऊन 'रंगीत घर' वाचविण्यासाठी संस्था काढली, देणग्या गोळा केल्या. काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे ठरले आणि १९८४ साली घर प्रांत सरकारने विकत घेऊन नोव्हा स्कोशियाच्या कलादालनाकडे सोपविले. तज्ज्ञांनी भिंती, दार, जिना यांची डागडुजी केली आणि १९९८ पासून ते अख्खे घर हॅलिफॅक्स येथील कलादालनाच्या छताखाली उभे आहे. घराला घर मिळाले!

बाजाराने मात्र आपली गणिते वेगळीच मांडली. २००९ साली तिचे एक चित्र बावीस हजार डॉलरांवर गेले. पुढे ओंटारियोत जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडलेले तिचे लॉब्स्टर पकडणाऱ्या कोळ्यांचे चित्र २०१७ साली पंचेचाळीस हजार कॅनेडियन डॉलरांना विकले गेले. आणि 'ब्लॅक ट्रक'ची हकीकत तर कुणी कथेत लिहिली असती तर संपादकांनी परत पाठविली असती. मॉडला रंग आणि बोर्ड पाठविणारा ओंटारियोतला एक चित्रकार एका उपाहारगृहात नेहमी जेवायला येई. जेवणाच्या बदल्यात चित्रे द्यायची असा त्याचा नि मालकाचा करार होता. १९७३ साली त्याने मॉडची काही चित्रे आणली आणि चीज सँडविचच्या मोबदल्यात त्यांतले एक, काळ्या ट्रकचे, त्या दांपत्याने निवडून घेतले. २०२२ साली लिलावात त्या चित्राला साडेतीन लाख कॅनेडियन डॉलर आले. एका झडपेचे सत्तर सेंट आठवतात ना? तिच्या हयातीत तिच्या एका चित्राला कधी दहा डॉलरांच्या फार वर काही मिळाले नाही.

२०२० साली कॅनडाच्या टपाल खात्याने नाताळची तिकिटे काढली ती मॉडच्या चित्रांची. बर्फातली बैलजोडी आणि घसरगाडी लाखो पाकिटांवर चिकटून घरोघर गेली. आईबरोबर शुभेच्छापत्रे घेऊन ती यार्मथच्या दारोदार फिरत होती त्याला तेव्हा सुमारे शंभर वर्षे होत होती.

मार्शलटाउनमध्ये, जिथे घर होते त्या जागेवर, वास्तुविशारद ब्रायन मॅके-लायन्स यांनी पोलादाचे एक स्मारक उभे केले आहे. आकार त्याच घराचा, मापे त्याच घराची. भिंती करड्या धातूच्या. रंग सारे हॅलिफॅक्सला आहेत. तिथे जिना आहे, दार आहे, पावाचा डबा आहे, आणि पाहायला आलेले लोक त्या सुपलीसमोरही थांबतात.